निवृत्त शिक्षकांचा वाचनवर्ग व आपले समाजमंदिर

(संत श्री नामदेव महाराजांच्या समाधिसोहळ्यानिमित्त कराड येथे भरलेल्या समाजसभेत केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने 'सेवानिवृत्त शिक्षकांचे समाजकार्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. 'आम्ही' हा शब्द येथे मोठेपणासाठी योजलेला नाही. बोलणारा एक असला तरी त्याच्या पाठीशी चौदा जण उभे आहेत, आणि या भाषणाचा मसुदा काल सायंकाळी त्या सर्वांपुढे वाचून दाखविला गेला आहे. चौदा शिक्षकांपुढे मसुदा ठेवल्यावर त्यात तांबडी शाई किती लागते, हे सांगावयास नकोच.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, आमचा मेळावा समाजसेवेच्या उदात्त हेतूने जन्मास आला नाही. तो जन्मास आला पेन्शनीच्या कागदांपायी. नगरपालिकेच्या शाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि रयत शिक्षण संस्थेची विद्यालये यांत पस्तीस-छत्तीस वर्षे खडू झिजवून आम्ही बाहेर पडलो. बहुतेक सारे मॅट्रिक होऊन डी. एड. झालेले, पदवीधर दोघेच. सायंकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जावे, गुडघेदुखी, साखर आणि महागाई भत्त्याचा थकलेला हप्ता या तीन विषयांचा ऊहापोह करावा आणि दिवेलागणीस घरी परतावे, असा क्रम चालला होता. अशात आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन एका कचेरीत अडकले. कारण काय, तर सेवापुस्तकात वहिनींचे सासरी ठेवलेले नाव आणि आधारपत्रावर माहेरचे. कागद तीन वेळा परत आला, आणि दर वेळी कारण निराळे. तेव्हा आम्ही चौघे पाळीपाळीने त्यांच्यासमवेत जाऊ लागलो. प्रतिज्ञापत्र, विवाहाची नोंद, मुलांच्या शाळेतील दाखल्यांवरील आईचे नाव, असे सारे कागद क्रमवार लावून वर एक अनुक्रमणिका जोडली. काम होण्यास अकरा महिने लागले, पण झाले. त्यानंतर अशा आणखी भगिनी येऊ लागल्या. मग आपल्या समाजातील वृद्ध कारागीरही येऊ लागले. संजय गांधी निराधार वा श्रावणबाळ योजनेखाली ज्यांस मदत मिळते त्यांस प्रतिवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि पन्नास वर्षे सुई टोचून व कापड सरकवून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या त्यांस यंत्र काही केल्या ओळखीत नाही. जिवंत मनुष्याने आपण जिवंत आहो हे सिद्ध करण्यासाठी दोन हेलपाटे घालावे, असा हा प्रकार. ते काम आजही चालू आहे. त्याचा अधिक विस्तार करीत नाही, कारण खरे सांगावयाचे आहे ते वाचनवर्गाविषयी.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, हे सर्वांस विदितच आहे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले, आणि जानेवारीत काही दिवस पुन्हा बंद राहिले. याचा अर्थ असा की, २०२० च्या जूनमध्ये ज्या बालकाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, ते २०२२ च्या जूनमध्ये तिसरीत जाऊन बसले, तेव्हा शाळेची पायरी त्याने जेमतेम काही महिने चढलेली होती. अक्षरओळखीची दोन वर्षे ही जन्मात एकदाच येतात. ती गेली. घरी वडिलांकडे मोबाइल एक आणि मुले तीन; त्यातही वडील बाहेर गेले की मोबाइलही गेला.

अशा मुलांची पारख करणे वाटते तितके सोपे नाही. पालक म्हणतात, आमचा मुलगा छान वाचतो. पुस्तक हाती दिले तर तो धडा घडाघडा म्हणतोही. परंतु त्याचे बोट तिसऱ्या ओळीवर असते आणि मुख पाचव्या! धडा ऐकून पाठ झालेला असतो. बाराखडीचेही तसेच. 'क का कि की' ही एका सुरात म्हणणारी पन्नास मुले असतील, पण त्यांतील 'कु' मधूनच विचारला असता वीस जण पुन्हा 'क' पासून म्हणत येतील व 'कु' शी थांबतील. म्हणून आम्ही पाठ्यपुस्तक बाजूस ठेवले. पान खालच्या ओळीपासून वर वाचावयास लावतो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, दुकानाची पाटी आणि विशेषतः लग्नपत्रिका वाचावयास देतो. लग्नपत्रिकेसारखे वाचनपाठाचे साधन दुसरे नाही, हे आमचे अनुभवाचे मत आहे. त्यात जोडाक्षरांची रेलचेल असते, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही शेवटची ओळ येईपर्यंत पोर वाचल्यावाचून राहत नाही.

मुले अडतात कोठे, हे आम्ही एका वहीत टिपून ठेवले आहे. पहिली ठेच ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' मध्ये वेलांटी लिहावयाची आधी आणि उच्चारावयाची मागून. डावीकडून उजवीकडे इमानाने वाचणारे पोर तिला 'इक' म्हणते, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. दुसरी ठेच 'र' ची. सूर्यात तो डोक्यावर बसतो, चंद्रात पोटात शिरतो, राष्ट्रात पायाशी जातो आणि 'दुसऱ्या' त आडवा होऊन पडतो. एकाच कापडाचे चार बेत! हे आपल्या घरच्या भाषेत सांगितले की शिंप्याचे पोर तात्काळ हसते, आणि हसले की त्यास ते उमगते. अक्षरे 'अ' पासून क्रमाने न शिकविता, 'ग म भ न' अशी आकाराने जवळची असतील ती एकत्र शिकवावीत, ही पद्धती नवी नाही. आमच्या पिढीने तीच वापरली. ती पुन्हा हाती घेतली. तीन-चार महिन्यांत बहुतेक मुले अनोळखी पान वाचू लागली. दोन मुले काही केल्या पुढे सरकेनात; त्यांतील एकाचे डोळे अधू आहेत हे त्यास फळ्याजवळ बसविल्यावर ध्यानी आले. चार वर्षे त्यास वर्गात 'ढ' म्हणत होते, आणि हवा होता तो केवळ चष्मा. दुसऱ्याचे काय अडते, ते आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. तो येतो, बसतो, चित्रे उत्तम काढतो.

गणिताबद्दल येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे पाढे शाळेतून गेले, आणि आता अपूर्णांक म्हटला की सहावीचे मूल घाबरते. परंतु ज्या घरात दिवसभर 'सव्वादोन मीटर', 'पावणेदोन मीटर' हीच भाषा चालते त्या घरच्या मुलास अपूर्णांकाचे भय का वाटावे? आम्ही फीत आणि जुना पडदा घेऊन बसलो. एका सदऱ्यास सव्वादोन मीटर, तर बारा सदऱ्यांस किती? कागदावर मुलगा घोटाळला. फीत हाती देताच त्याने बारा दुणे चोवीस आणि बारा पाव तीन, एकूण सत्तावीस, असे उत्तर वाटेतच सांगितले. त्याच्या आजोबांनी ओट्यावरून ऐकले. पुढील आठवड्यात ते गृहस्थ स्वतः आले आणि एका गजाचे सोळा गिरे कसे होत, हे मुलांस समजावून गेले. तयार कपड्यांच्या बाजाराने ज्यांच्या मशीनवर धूळ बसविली, त्या वृद्धाच्या मुखावर त्या दिवशी जे तेज आम्ही पाहिले ते शब्दांत सांगता येणार नाही.

मुलींचा प्रश्न निराळा निघाला. सायंकाळची वेळ ही काज-बटणाची वेळ. दुकानातून गठ्ठा येतो, सकाळी परत द्यावयाचा असतो, आणि आईच्या हाताखाली मुलगीच असते. "गुरुजी, वाचायला पाठवते, पण काजं कोण करणार?" असे एका मातोश्रींनी आम्हांस सरळ विचारले. यावर उपदेश करणे सोपे होते. आमच्यातील चार भगिनी-शिक्षिकांनी उपदेश केला नाही. त्यांनी मुलींस गठ्ठा घेऊनच वर्गास येण्यास सांगितले. मुलगी वाचते आणि बाई तिची काजे करतात. पान संपले की सुई तिच्याकडे आणि पुस्तक दुसरीकडे. आमच्यातील एका बाईंची काजे दुकानदाराने परत पाठविली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु गळती थांबली. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंनी जात्याशी बसून अभंग रचले, असे आपण कीर्तनात मोठ्या अभिमानाने सांगतो. मग काम करणाऱ्या मुलीस कामासकट वर्गात घेण्यात कमीपणा कसला?

आता जो विषय मंडळाच्या बैठकीत निघाला आणि ज्याविषयी कुजबुज चालू आहे, त्याकडे येतो. वर्ग समाजमंदिराच्या ओसरीवर भरतो. सध्या बत्तीस मुले येतात. त्यांतील आपल्या समाजाची अकरा. उरलेली पेठेतील इतर घरांची: कुणी बांधकामावरील मजुरांची, कुणी भाजीवाल्यांची, काही मुसलमान, काही मातंग व बौद्ध समाजाची. आमच्या चौदा जणांतही पाच जण अन्य समाजांचे आहेत, आणि त्यांतील एक तर उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक; 'र' चे चार बेत शिकविण्यात त्यांचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. काही आदरणीय मंडळींचे म्हणणे असे की, समाजमंदिर समाजाच्या वर्गणीतून उभे राहिले, दिव्याचे बिल समाज भरतो, तेव्हा लाभ प्रथम समाजाच्या मुलांस व्हावा. इतरांसाठी सरकार आहे, नगरपालिका आहे. हे म्हणणे दुष्टपणाचे नव्हे. ज्यांनी दुकानाच्या गल्ल्यातून दोन-दोन रुपये काढून या इमारतीची वीट चढविली, त्यांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

उत्तर आम्ही आपल्याच घरातून देतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले. त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणण्यास कोण गेले? परंपरा सांगते की, नामदेव महाराज गेले. महाद्वारी आज नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांच्या नावाने आपण आजचा सोहळा साजरा करीत आहोत, त्यांनी मरणानंतरही शेजार निवडला तो हा. तेच महाराज पुढे पंजाबात गेले, आणि त्यांची एकसष्ट पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. ती पदे ठेवताना 'हा शिंपी आमच्यातला नव्हे' असे तेथे कोणी म्हटले नाही, म्हणून ती आजवर टिकली.

दुसरे उत्तर आपल्या तालुक्यातील आहे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे झाली. काले येथून किती जवळ आहे हे आपण जाणताच. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहत असत. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने तेथे अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. त्यांत आपल्या समाजाचे नामदेव बोर्डिंगही होते, आणि त्या वसतिगृहांनी खेड्यांतील पहिली पिढी शिकविली, याबद्दल आपण सदैव कृतज्ञ असले पाहिजे. तथापि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवू लागली. आमच्यातील सहा जणांनी त्यांच्याच संस्थेच्या शाळांत भाकरी खाल्ली आहे. आम्हांस ओसरीवर बसलेल्या बत्तिसांतून अकरा निवडावयास सांगू नये, ही विनंती आहे. हजेरी घेताना आडनावाच्या पुढे काय आहे ते पाहण्याची सवय आम्हांस नाही आणि या वयात ती लागणार नाही.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण त्याविषयी समाजात गैरसमज पसरला होता. २०२३ च्या जुलैमध्ये शासनाने निर्णय काढला की, जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त जागांवर नवी भरती होईपर्यंत सेवानिवृत्त शिक्षक कंत्राटी पद्धतीने नेमावेत. मानधन दरमहा २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७०. आमच्या मेळाव्यात यावरून तीन सायंकाळी वाद झाला, आणि वाद म्हणजे आवाज चढण्यापर्यंत. एक पक्ष म्हणाला, आपल्या समाजातच डी. एड., बी. एड. होऊन दहा-दहा वर्षे शिवणकाम करीत बसलेली तरुण मुले आहेत. ज्याचे जेवण झाले आहे त्याने पुन्हा पंगतीत पाट मांडू नये. दुसरा पक्ष म्हणाला, पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर शिक्षकच नाही. तेथील मुलाने भरतीची वाट किती वर्षे पाहावी? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अखेर मेळाव्याने कोणासही बंदी केली नाही. दोघे गेले, वाडीवर खोली घेऊन राहिले, आणि २०२४ मध्ये नवे शिक्षक रुजू होताच परत आले. त्यांस 'लोभी' म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा त्या घाटाने वर जाऊन यावे, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु त्या वादातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. आम्ही हा वर्ग 'विनामूल्य' चालवितो असे समारंभांतून म्हटले जाते, तेव्हा आम्हांस संकोच होतो. तो विनामूल्य नाही. दर महिन्यास बँकेत जमा होणाऱ्या निवृत्तिवेतनाने त्याचे मूल्य आधीच चुकते केले आहे. घरची चूल पेटलेली असते म्हणून आम्ही सायंकाळी दोन तास दुसऱ्यांच्या मुलांस देऊ शकतो. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्या शिक्षकांस सामान्यतः हे जुने निवृत्तिवेतन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला, हे आपण पाहिले. ही मंडळी निवृत्त होतील तेव्हा त्यांस असा वर्ग चालविण्याची उसंत मिळेल की शिकवण्या शोधीत हिंडावे लागेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून आमच्यासारखे लोक हाताशी आहेत तोवर समाजाने त्यांस राबवून घ्यावे. आमचे वय साठापासून शहात्तरापर्यंत आहे. गेल्या वर्षी सोळा होतो, यंदा चौदा आहोत.

शेवटी मागणी. समाजाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी थाटाने होतो. नव्वद टक्के मिळविणाऱ्यांस शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळते, मिळावेच. परंतु नव्वद टक्केवाला मुलगा आपल्यावाचूनही पुढे गेला असता. पाचवीत ज्यास आपले नाव वाचता येत नाही, त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. यंदा स्मृतिचिन्हांचा खर्च निम्मा करून त्या रकमेतून ओसरीस दोन दिवे, एक फळा आणि पुस्तकांचे एक कपाट करावे, असा ठराव आम्ही मंडळाकडे लेखी दिला आहे. शालींबद्दल आम्ही काही म्हणत नाही. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्या इतक्या साठल्या आहेत की हिवाळ्यात वर्गातील मुले त्याच पांघरून बसतात. ठरावातील दुसरा भाग लग्नसराईविषयी आहे. मंदिराचे सभागृह भाड्याने जाते आणि त्यावर समाजाचा खर्च चालतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गेल्या वैशाखात आचाऱ्याच्या कढया आणि बत्तीस मुले एकाच ओसरीवर होती. अशा दिवसांपुरती मागील खोली उघडून द्यावी. त्या खोलीत जुन्या सतरंज्या आणि एक मोडका ध्वनिक्षेपक याखेरीज काही नाही. सतरंज्या आम्हांस उपयोगी पडतील.

वर्ग सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार या दिवशी सायंकाळी साडेपाच ते साडेसात भरतो. ज्या भगिनींस स्वतःस सहीपुरते तरी लिहावयास शिकावयाचे असेल त्यांनी शुक्रवारी यावे. त्या दिवशी मुलांस लवकर सोडतो, आणि मुले असता येण्याचा संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. घरात पडून असलेले चष्मे, मग त्यांची काच कोणत्याही क्रमांकाची असो, ओसरीवरील पेटीत टाकावेत. ते तपासून घेण्याची व्यवस्था केली आहे. मागील खोलीची किल्ली सध्या कार्यवाहांकडे आहे.